जागा चुकली की माल चुकतो, उधारीही बुडते
जागेच्या नोंदी संगणकावर ठेवताना जालन्याच्या एका कापड दुकानदाराला आलेले अनुभव

व्यापारी बंधूंनो, आमच्या दुकानात लोखंडी कपाट आहे, गल्ला आहे, संगणकही आहे. पण दुकानाची खरी दौलत बरीच वर्षे यांपैकी कशातच नव्हती. ती आमच्या फेरीवाल्या मामूंच्या डोक्यात होती. मामू आमच्या वालिदांच्या काळापासूनचे. भोकरदन, जाफ्राबादपासून परतूर, मंठ्यापर्यंत आठही तालुक्यांतले आमचे किरकोळ दुकानदार त्यांना तोंडपाठ. कोणाचे दुकान फाट्यावर, कोणाचे वेशीच्या आत, कोणाकडे बाजाराच्या दिवशी गेले तरच उधारी मिळते, हे सारे त्यांना ठाऊक. वहीत मात्र फक्त नाव, गाव आणि बाकी रक्कम.

२०२३ साली लग्नसराईच्या तोंडावर मामूंना लकवा झाला. अल्लाच्या मेहेरबानीने जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जबान जड झाली. इकडे सुरत आणि मालेगावहून गाठी येऊन पडलेल्या, टेम्पो भाड्याने ठरलेला आणि नव्या पोराला अर्धी गावेही माहीत नाहीत. पहिल्याच फेरीत पिंपळगावचा माल घेऊन टेम्पो कुंभार पिंपळगावला, म्हणजे घनसावंगी तालुक्यात गेला. माल होता भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. एक गाव जिल्ह्याच्या दक्षिणेला, दुसरे उत्तरेला. डिझेल गेले, दिवस गेला आणि ज्याच्या घरी लग्न होते त्या गिऱ्हाइकाने माल दुसरीकडून घेतला.

त्या रात्री आमचा पुतण्या म्हणाला, "बडे अब्बा, जागा वहीत नको, नकाशात लिहू." तेव्हापासून आम्ही जे शिकलो, जे पैसे मोजून शिकलो, ते येथे मांडतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, संगणकाशी दोस्ती उशिरा झाली. त्यामुळे आम्हाला समजले ते कोणालाही समजेल.

जागेची खातेवही म्हणजे काय?

साध्या खातेवहीत नाव असते, रक्कम असते, तारीख असते. जागेच्या खातेवहीत आणखी एक रकाना असतो, तो म्हणजे जागेचा. दुकान असेल तर एक बिंदू, रस्ता असेल तर रेषा, शेत किंवा प्लॉट असेल तर चारी बाजूंनी बंद आकृती. असा रकाना समजणाऱ्या संगणकीय साठ्याला भौगोलिक डेटाबेस म्हणतात. आमच्या पुतण्याने वापरलेल्या साधनांची नावे पोस्टजीआयएस आणि क्यूजीआयएस. पहिल्यात नोंदी राहतात, दुसऱ्यात नकाशा दिसतो. पोस्टजीआयएस २००१ साली कॅनडातल्या एका कंपनीने लोकांसमोर ठेवले, क्यूजीआयएसचे काम २००२ मध्ये सुरू झाले. दोन्ही फुकट आहेत, परवान्याचे पैसे लागत नाहीत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नियम सैल केल्यापासून भारतीय माणसाला किंवा कंपनीला आपल्या कामाचे नकाशे करण्यासाठी आगाऊ परवानगी घेत बसावे लागत नाही.

फायदा असा की ही वही सवालांची उत्तरे देते. अंबड रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत आपले किती दुकानदार आहेत? त्यांतले कोणाकडे तीन महिन्यांवरची बाकी आहे? साधी वही हे सांगत नाही. मामू सांगायचे.

जालन्याचे दुकान बर्फाच्या समुद्रात

नव्या पोराने मोबाईलवर अडीचशेच्या आसपास दुकानांच्या जागा टिपून आणल्या. पुतण्याने त्या संगणकात भरल्या, नकाशा उघडला आणि जिल्हा कोराच! शोधाशोध केली तर सगळी दुकाने नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेकडील समुद्रात.

कारण साधे होते. जालना सुमारे १९.८४ उत्तर अक्षांश आणि ७५.८८ पूर्व रेखांशावर आहे. मोबाईलच्या नकाशात आधी अक्षांश दिसतो, मग रेखांश. पोस्टजीआयएस मात्र आधी रेखांश मागतो, कारण त्याच्या लेखी आधी आडवे अंतर आणि मग उभे. आकडे उलटे पडले की जालना ७५.८८ अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या वाटेवर. आम्ही हसून म्हणालो, उर्दू उजवीकडून वाचायची आणि मराठी डावीकडून, तसाच हा प्रकार. मजकूर तोच, सुरुवात चुकली की अर्थ गेला. ओळखण्याची खूण लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यात १९-२० च्या घरातला आकडा अक्षांश, ७५-७६ च्या घरातला रेखांश. त्याबाहेरचा आकडा आला की नोंद थांबवायची.

दुसरी चूक काही जुन्या कागदांवरून उतरवलेल्या जागांची. तेथे १९ अंश ५० मिनिटे २४ सेकंद असे लिहिले होते. मिनिटे-सेकंद साठाच्या हिशेबाने चालतात, म्हणून हा आकडा दशांशात १९.८४ होतो. पोराने तो सरळ १९.५०२४ असा भरला. दुकान दक्षिणेला सुमारे ३७ किलोमीटर सरकले. जुन्या रुपयाचे आणे दशांशात लिहिण्यासारखेच हे. आठ आणे म्हणजे ०.०८ रुपये नव्हेत.

तिसरी चूक रिकाम्या रकान्यांची. जागा मिळाली नाही तेथे संगणकाने शून्य, शून्य धरले. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. आमचे चार दुकानदार तेथे निघाले. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. ज्याच्याकडे बाकी नाही तो आणि ज्याचा हिशेब झालेला नाही तो, हे दोघे एक नसतात.

दशांशानंतरचे आकडेही महत्त्वाचे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. तेव्हा दोन दशांश लिहिले तर चूक एक किलोमीटरपर्यंत, तीन लिहिले तर ११० मीटर, चार लिहिले तर ११ मीटर, पाच लिहिले तर सुमारे एक मीटर. बाजारपेठेतल्या दुकानाला पाच हवेत. त्याहून अधिक लिहून उपयोग नाही, कारण साध्या मोबाईलची अचूकता मोकळ्या आभाळाखालीही पाच मीटरच्या आसपासच असते.

मीटरचे थान, वाराची चिठ्ठी

बिंदू जागेवर आले. मग पुतण्याने जालना ते अंबड सरळ अंतर विचारले. उत्तर आले पाव. पाव काय? पाव अंश! संगणकाने अंशातले आकडे घेऊन अंशातच उत्तर दिले. प्रत्यक्षात ते अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. एक एकराचे क्षेत्रफळ विचारले तर दशांशानंतर सहा शून्ये आणि मग कुठे आकडा.

उपाय असा की मोजमाप करायचे तेव्हा जागा मीटरच्या पद्धतीत आणायच्या. जगाचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे केलेले आहेत. ७२ ते ७८ पूर्व रेखांशातला पट्टा ४३ वा, जालना त्यात येतो. नागपूर मात्र ४४ व्यात. प्रत्येक पद्धतीला एक क्रमांक असतो. मोबाईलच्या अंशांचा ४३२६, आपल्या पट्ट्यातील मीटरचा ३२६४३.

येथेच नवशिका सर्वात मोठा घोटाळा करतो. तो आकडे बदलत नाही, फक्त वरचा क्रमांक बदलतो. क्रमांक लावणे वेगळे आणि रूपांतर करणे वेगळे, त्यासाठी हुकूमही दोन आहेत. कापडवाल्याला हे झटकन कळते. १०० मीटरच्या थानावर "१०० वार" अशी चिठ्ठी डकवली तर कापड कमी होत नाही, पण दुकानदाराचे नऊ वारांहून अधिक कापड फुकट जाते. चिठ्ठी बदलायची की माप, हे आधी ठरवा.

नावांचा गोंधळ आणि मंद शोध

नकाशातली गावे आणि वहीतली गावे जोडताना अर्धी जुळेनात. कोठे अंबड, कोठे अम्बड. कोठे घनसावंगी, कोठे घणसावंगी. गट नंबर एकीकडे मराठी आकड्यांत, दुसरीकडे इंग्रजी आकड्यांत. माणसाच्या नजरेला दोन्ही १२ सारखेच, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही त्याला वेगळे नाव वाटते. म्हणून जोडणी नावावर करू नये. प्रत्येक गावाला सरकारी जनगणना क्रमांक आहे, त्यावर करावी. पिंपळगावे कितीही असोत, क्रमांक एकाचा एकच. आमच्या पहिल्या फेरीतला टेम्पो या एका रकान्याने वाचला असता.

पुढे रस्ते, गावांच्या हद्दी, शेतांच्या आकृत्या अशा नोंदी वाढल्या आणि संगणक एकेका सवालाला मिनिटे घेऊ लागला. पुतण्याने जागेच्या रकान्याची सूची बांधली, काम डोळ्यांदेखत हलके झाले. तत्त्व आपल्या दुकानातलेच. गिऱ्हाइकाने साडीचे अस्तर मागितले तर आपण चादरीची मांडणी उपसत नाही. सूची संगणकाला आधी योग्य मांडणीपाशी नेते, मग तो तेवढेच थान उघडून पाहतो.

एका विहिरीने शिकवलेला धडा

आता मोठी गोष्ट. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, ५ जून २०२५ रोजी मुंबईकडचा शेवटचा टप्पाही खुला झाला. जालना त्या वाटेवर आहे. आम्ही शहराबाहेर गोदामासाठी अकृषिक झालेली एक जागा पाहिली. विकणारे एक वयस्क शेतकरी. कागद पाहिले, जागा पाहिली, कोपऱ्यात विहीर. बयाना दिला.

पुतण्याने हौसेने गाव नकाशाची प्रत उपग्रहाच्या चित्रावर बसवली. पाहतो तो विहीर शेजारच्या गटात! आमच्या डोक्यात तिडीक गेली. त्या शेतकऱ्याला दुकानात बोलावले आणि चार माणसांदेखत बोलू नये ते बोललो. तो माणूस एवढेच म्हणाला, "सेठ, ती विहीर आमच्या आजोबांनी खोदली. तुम्ही मोजणी करून घ्या."

आम्ही मोजणीचा अर्ज केला, फी भरली. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले, हद्द कायम झाली, नकाशाची क प्रत मिळाली. विहीर त्यांच्याच गटात होती, हद्दीच्या आत चांगली आठ-दहा पावले.

मग चूक कोणाची? आमची. नकाशाची प्रत चित्रावर बसवताना पुतण्याने दोनच खुणा धरल्या होत्या, आणि त्यांतली एक रस्त्याचा कोपरा. रस्ता मध्यंतरी रुंद झाला होता, नकाशातला कोपरा जुना, चित्रातला नवा. चार-सहा खुणा दूरदूरच्या घ्याव्यात, त्या न हलणाऱ्या असाव्यात, जसे तीन गावांच्या सीमा मिळतात तो दगड किंवा जुने मंदिर-मशिदीचे बांधकाम. एक-दोन खुणा पडताळणीसाठी बाजूला ठेवाव्यात. आम्ही त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन माफी मागितली. सौदा झाला, पण त्या दुपारचे शब्द परत घेता आले नाहीत. संगणकाच्या पडद्यावर काढलेली रेघ फार पक्की दिसते, तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही.

रेघेमागचा इतिहास

आपले गाव नकाशे मुळात उपग्रहाने केलेले नाहीत. शंकू-साखळीने, प्लेन टेबलाने माणसांनी रानात फिरून केलेले आहेत. ३३ फुटांची साखळी दोन्ही बाजूंनी टाकली की १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. ४ एकर १० गुंठे म्हणजे १७० गुंठे, म्हणजे सुमारे १ हेक्टर ७२ आर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत. मोठ्या क्षेत्रात फरक दिसतो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे महसुली दस्तऐवज बहुतांशी उर्दूत. आमच्या शाळेतल्या उर्दूचा उपयोग पुतण्याला झाला तो येथे. जुन्या कागदावरचा सर्व्हे नंबर आम्ही वाचून दिला, पुढे एकत्रीकरणात त्याचा गट नंबर झालेला. नव्या वहीत दोन्ही नंबर ठेवावेत, जुना खोडू नये. साखळी कागदाची असो की संगणकाची, मधली कडी तुटली की हक्क सिद्ध करताना दमछाक होते.

शिवाय जुने देशपातळीवरचे नकाशे ज्या गोलाच्या मापावर बसवले ते मापच वेगळे. १८०२ साली मद्रासकडून सुरू झालेली महान त्रिकोणमितीय मोजणी लॅम्बटन साहेबाने चालवली. तो १८२३ मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला मरण पावला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे माप काढले. भारताचे नकाशे दीर्घकाळ त्यावर चालले. उपग्रह वापरतात ते डब्ल्यूजीएस-८४ नावाचे दुसरे माप. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांच्या नकाशांसाठी ते स्वीकारले. जुन्या मापातले आकडे रूपांतर न करता नव्यात टाकले तर जागा काही शे फुटांनी सरकते. सगळी गावे एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसली तर हाच रोग समजावा.

आता भूमी अभिलेख विभागाचे काम ई-मोजणीवर चालते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम उभ्या केंद्रांचा आधार घेऊन रोव्हर यंत्र काही सेंटीमीटरपर्यंत जागा सांगते. जमिनीच्या तुकड्याला त्याच्या अक्षांश-रेखांशावरून १४ अंकी भू-आधार क्रमांक देण्याची योजनाही आहे. गावठाणांसाठी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, तीत ड्रोनने मोजणी होते. संकेतस्थळावरचा नकाशा पाहण्यासाठी उत्तम. पण सौदा करायचा तर हद्दीची मोजणी करून घ्यावी.

आकृत्यांचे आजार

प्लॉटच्या आकृतीचे तीन आजार आम्ही पाहिले. पहिला, कोपरे चुकीच्या क्रमाने भरले की चौकोनाचा डमरू होतो आणि क्षेत्रफळ भलतेच येते. दुसरा, शेवटचा बिंदू पहिल्याशी न मिळाल्याने आकृती उघडी राहते. तिसरा, दोन शेजाऱ्यांमध्ये बारीक फट राहते किंवा एक दुसऱ्यावर चढतो, उसवलेल्या शिवणीसारखे. आकृती वैध आहे का, हे विचारण्याचा आणि दुरुस्त करण्याचाही हुकूम पोस्टजीआयएसमध्ये आहे. पण आपोआप दुरुस्ती कधी एखादा तुकडा वेगळा पाडते. आधीचे आणि नंतरचे क्षेत्रफळ ताडून पाहावे, सातबाऱ्याशी मिळवावे, मगच मंजूर करावे.

जीएसटीच्या बाबतीतही हे लागू आहे. २०२३ पासून पोर्टलवर व्यवसायाच्या मुख्य जागेचे अक्षांश-रेखांश नोंदण्याची सोय आहे. ही एकदाच करायची क्रिया आहे, असे तेव्हाच्या सूचनेत म्हटले होते. कुंडलिकेच्या एका काठावरचे दुकान पिनच्या गफलतीने दुसऱ्या काठावर दिसू शकते. बटण दाबण्यापूर्वी दुकानाच्या दारात उभे राहून मोबाईलवरचा आकडा ताडून पाहा.

आमचे नियम

आज आमच्या दुकानात हे नियम चालतात. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी, कधी आणि कशावरून केली ते लिहायचे. जुनी नोंद पुसायची नाही, तिच्यावर तारीख टाकून नवी करायची. जिल्ह्याच्या चौकटीबाहेरचा बिंदू संगणकाने घ्यायचाच नाही. दर जुम्मेरातीला प्रत काढायची, एक दुकानात आणि एक घरी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहायची, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. गिऱ्हाइकांच्या जागा आणि बाकी ही अमानत आहे, ती मोबाईलवरून कोणाला पाठवायची नाही.

आणि शेवटचा नियम मामूंचा. पहिला नकाशा तयार झाला तेव्हा पुतण्या तो मोठ्या कागदावर छापून त्यांच्या घरी घेऊन गेला. मामू डाव्या हातात पेन्सिल घेऊन तीन संध्याकाळ बसले. शब्द फुटत नव्हते, पण पेन्सिल फिरत होती. एका दुकानावर फुली मारली, ते बंद पडले होते. एक बिंदू नाल्याच्या पलीकडे सरकवला, पावसाळ्यात त्या बाजूने टेम्पो जात नाही. एका नावाभोवती गोल काढला आणि पुतण्याकडे पाहून बोटे वर केली, पाच. पाच तारखेनंतर जा, तेव्हा त्याच्याकडे पैसे असतात. ती खूण आता वहीच्या एका रकान्यात आहे.

काही उधारी बुडाली ती बुडालीच. पण पुढच्या लग्नसराईत टेम्पो एकदाही चुकीच्या गावाला गेला नाही. बंधूंनो, तुमच्याही दुकानात असा एखादा मामू असेल. त्याच्या डोक्यातला नकाशा कागदावर उतरवून घ्या, तो चालता-बोलता आहे तोवर. संगणक मागून आणता येतो.